ट्रॉलीचा लाल दिवा

माहेरी पोहोचले तेव्हा माझे वडील अप्पा आणि वहिनी अंगणात उसाच्या ट्रॉलीमागे उकिडवे बसले होते. ट्रॅक्टरचा ब्रेक दाबला की ट्रॉलीचा लाल दिवा लागायचा सोडून इंडिकेटरच मिणमिणत होते. वहिनीने वायर हाताने चाचपत शेवटपर्यंत तपासली आणि ती म्हणाली, "अप्पा, वायर शाबूत आहे. अर्थिंग गेलंय. त्याचा बोल्ट गंजलाय."

"मलाही तेच वाटत होतं," अप्पा म्हणाले आणि न मागता त्यांनी तिच्या हातात पाना दिला.

लहानपणी मी वायरला हात लावला की हेच अप्पा ओरडायचे, "पोरीच्या जातीनं त्यात पडू नये!" मी पडले नाही. शहाण्यासारखी बाजूला उभी राहिले आणि तशीच सासरी गेले. आज त्या दोघांचं अर्ध्या शब्दांतलं बोलणं ऐकून माझ्या पोटात दुखलं. वहिनी गुणाची आहे, हे ठाऊक असूनही दुखलं. परक्याचा हेवा माणूस विसरतो. आपल्या बापाशेजारी बसलेल्याचा विसरता येत नाही.

"मी काही करू का?" मी विचारलं.

"साडी खराब होईल तुझी. वर बसून ब्रेक दाब," अप्पा म्हणाले.

वहिनीने गंज खरवडून बोल्ट आवळला. मी ब्रेक दाबला.

"लागला! शाब्बास, सूनबाई!" मागून अप्पांचा आवाज आला आणि पाठोपाठ दोघांचं हसू.

मी मान वळवली. ट्रॉलीच्या उंच फळीआड मला दिवा दिसेना.

"सोड आता," अप्पांनी हाक दिली. मी पाय काढला नाही.