डोक्यावरून गेलेला चारा

उन्हाळ्यात कावेरीचे कालवे बंद झाले की तंजावरच्या गाईंच्या वाट्याला नुसतं वैक्कोल, म्हणजे भाताचा पेंढा, उरायचं. एकोणीसशे साठ साल उलटल्यानंतरच्या एका उन्हाळ्यात माझ्या थोरल्या बहिणीची, अक्काची, गाय नुकती व्यायली होती. पेंढ्यावर तिचं दूध आटत चाललं होतं. घरच्या कापीला, म्हणजे कॉफीला, थेंबही न ठेवता अक्का सगळं वासराला पाजायची, तरी त्याच्या बरगड्या दिसायच्या.

म्हणून शेतीखात्याच्या साहेबाने आमच्या परसात मातीविना चारा उगवून दाखवतो म्हटल्यावर मी लगेच हो म्हणालो. पत्र्याच्या ट्रेमध्ये भिजवलेला मका पसरायचा, वर पाणी शिंपडत राहायचं. विहीर आमची, शिंपडणं अक्काचं, फलक खात्याचा. फलक मक्याच्या आधी आला.

चारा मात्र खरंच उगवला. हिरवागार, खाली मुळांची गादी. अक्का ट्रे उचलायला गेली तर साहेब धावला.

"अम्मा, हात लावू नका! मोठे अधिकारी येऊन उद्घाटन करतील, मग घाला."

"हे गाईला तुम्हीच सांगा," अक्का म्हणाली.

मोठे अधिकारी आज येणार होते, मग उद्या, मग पुढच्या आठवड्यात. गाय दाव्याला ताण देऊन त्या हिरव्याकडे बघायची. मी तक्रार केली, तेव्हा साहेबाने मला विज्ञानाचं महत्त्व समजावलं. इंग्रजीत.

शेवटी ते आले. स्वागताला गल्लीतल्या बायकांनी ट्रे डोक्यावर घेऊन यावं, ही कल्पना साहेबाची. नादस्वरही त्याचाच. आमच्याकडे बायका उगवलेलं धान्य डोक्यावर घेतात ते मुळैप्पारीला. देवीपुढे मिरवायचं आणि पाण्यात सोडायचं. अधिकारी गोमातेवर बोलले. गोमाता परसात होती. अक्का तिला उद्घाटनासाठी धूत होती. भाषण संपलं, नादस्वर वाजला आणि रांग सरळ तळ्याकडे निघाली.

"अहो, तो चारा आहे!" मी मागून ओरडलो.

"देवीच्या वस्तूला असं बोलू नये, सामी," एका म्हातारीने मला दटावलं.

साहेब टाळ्या वाजवत होता. त्याला तो कार्यक्रमाचाच भाग वाटला. बायकांवर मी रागावलो नाही. त्यांना निदान आपण काय करतोय ते माहीत होतं.

बायकांनी ट्रे तळ्यात रिकामे केले, तोवर अक्का धावत आली. लुगडं खोचून गुडघाभर चिखलात उतरली आणि हाताला लागल्या त्या गाद्या डोक्यावर घेऊन निघाली. अंगावरून चिखल गळत होता. साहेबासमोर थांबून तिने विचारलं, "झालं ना उद्घाटन? आता खाऊ दे तिला?"

गाईने ते चिखलासकट खाल्लं. एका वेळेचं झालं. ट्रे आणि उरलेला मका साहेब त्याच संध्याकाळी पापनाशम गावातल्या पुढच्या उद्घाटनासाठी घेऊन गेला.

फलक राहिला. मी तो उपटून गोठ्याच्या दारात फेकला. वासरू येऊन त्याचा हिरवा रंग चाटायला लागलं.

"उचल रे ते," अक्का म्हणाली, "विष असेल त्यात."