बुटकी तार

"आधी बोटं दाखव."

वाद्य दुरुस्तीला आणणाऱ्याला मामांचं पहिलं वाक्य हेच. वाद्य बाजूला ठेवून ते त्याचा डावा हात धरत आणि बोटांची टोकं वैद्यासारखी दाबून बघत. परभणीत सगळ्यांचेच ते मामा; त्यांचं दुकान माझ्या वाद्यदुरुस्तीच्या दुकानासमोरच होतं. तिथं गिऱ्हाईक शिरलेलं दिसलं की मला चहा कडू लागायचा.

तुम्ही म्हणाल, पोटाचा प्रश्न. तसं नव्हतं. पेट्या, तबले माझ्याकडेही भरपूर येत. पण लोक माझ्याकडे वाद्य टाकून जात आणि त्यांच्याकडे तासभर बसत. ते सलायचं.

नामांतराची गाणी म्हणणाऱ्या एका पार्टीतला गिटारवाला माझं जुनं गिऱ्हाईक. त्याच्या इलेक्ट्रिक गिटारच्या दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, म्हणजे फ्रेट, झिजून खाचा पडल्या होत्या. या पट्ट्या जाड तारेतून कापून बसवतात; तार उंच, तर पट्टी उंच. मी म्हणालो, "चांगल्या उंच तारेच्या बसवू. कितीबी झिजल्या तरी पुरतील." तो मान हलवून निघाला आणि थेट समोर शिरला.

मामांनी बोटं पाहिली, गिटार वाजवायला लावली. रस्त्यापलीकडे मला ऐकू आलं, "तू लय दाबून वाजवतोस. उंच पट्टीवर एवढं दाबलं तर सूर चढंल. तुला बुटकी तार लागती."

बरोबर होतं. मला सुचलं नव्हतं, म्हणून जास्तच झोंबलं.

अशी तार परभणीत मिळत नसे. मी मालासाठी हैदराबादला निघालो होतो, तर मामांनी मलाच सांगितलं, "येताना बुटकी तार आण बाबा." तिथं उंच, बुटकी दोन्ही मिळाल्या, दोन्ही घेतल्या. परत आल्यावर मी त्यांच्या हातात उंच ठेवली. "बुटकी न्हाई मिळाली, मामा."

"असू दे. उंच घासून बुटकी करता येती. बुटकीची उंच कशी केली असती?" वर त्यांनी मला चहा पाजला.

चार दिवस ते कानशीनं एकेक पट्टी घासून बुटकी करत बसले. त्या पार्टीच्या कार्यक्रमाला मीही गेलो, सूर चढलेला ऐकायला. गडी जीव लावून दाबत होता आणि प्रत्येक सूर जागच्या जागी. भोवती टाळ्या पडत होत्या. माझे हात काही उठले नाहीत.

दुसऱ्या दिवशी बुटक्या तारेची पुडी त्यांच्यापुढे ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. मामांनी तार उजेडात धरली. त्यांच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती.

"चार दिवस घासायलो होतो रे मी," एवढंच म्हणाले.

बोलणं तुटलं नाही. पण हैदराबादहून काही आण, असं त्यांनी मला पुन्हा कधी सांगितलं नाही. पुढे नजर अधू झाली आणि मुलगा त्यांना नांदेडला घेऊन गेला.

गिऱ्हाईकं सगळी माझ्याकडे आली. मामांच्या जागेत एका शिंप्यानं मशीन टाकली. एखादा सूर काही केल्या जुळेना झाला, की मी उठून त्या दारात जाऊन उभा राहायचो.

शिंपी मान वर करून विचारायचा, "काय शिवायचंय?"