व्हॅनच्या इंजिनाची पूजा

माझ्या नवऱ्याने विमान बांधलं, असं मी सांगते तेव्हा लोक आधी हसतात. मग मी सांगते की त्याला इंजिन होतं ते शाळेच्या मुलांची ने-आण करून म्हाताऱ्या झालेल्या व्हॅनचं. तेव्हा ते हसायचे थांबतात आणि माझ्याकडे काळजीने बघू लागतात. त्यांचं काही चुकत नाही. मी ते इंजिन पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मीही ह्यांच्याकडे तसंच बघितलं होतं.

आम्ही नवीन पनवेलला राहतो. हे तळोज्याच्या एका कारखान्यात यंत्रांच्या देखभालीचं काम बघायचे, मी शाळेत विज्ञान शिकवायचे. दोघं एकाच वर्षी निवृत्त झालो. निवृत्तीनंतर माणसं काशीला जातात, कुंड्यांत मिरच्या लावतात, फार तर सोसायटीच्या कमिटीवर जाऊन भांडतात. ह्यांनी एका रविवारी पोहे खाता खाता सांगितलं, "मी विमान बांधतोय. सांगाडा झालाय, आता इंजिन बसवायचंय." एका घरात राहून, एका ताटलीतली कोथिंबीर वाटून घेऊन, मला हे सांगाडा झाल्यावर कळत होतं.

दुपारीच मी त्यांच्याबरोबर सुकापूरला गेले. तिथे ह्यांच्या मित्राचं गोदाम आहे. मित्र म्हणजे इथला मूळचा शेतकरी, सकाळी फिरायला जाताना जमलेली ओळख. त्याची बरीचशी शेती विमानतळात गेली. गोदामात कळंबोलीच्या बाजारातून आणलेले अ‍ॅल्युमिनियमचे पाईप जोडून एक सांगाडा उभा होता, एका माणसापुरता. शेजारी जुन्या टायरवर ते इंजिन बसवलेलं. मी दोघांकडे आळीपाळीने बघत राहिले.

"वैनी, घाबरू नका," मित्र म्हणाला. "आमची जमीन गेली विमानांसाठी. तं एक विमान आमच्या गोदामातून बी निगू दे की."

मी घाबरले नव्हते, संतापले होते. घाबरायला आधी ती वस्तू उडेल असं वाटावं लागतं.

ह्यांनी मला समजावून सांगितलं, आणि विज्ञानाची बाई असल्याने मी नाइलाजाने ऐकलं. विमानाचं खास इंजिन मिळणं आपल्यासारख्यांना अवघड, गाडीचं गल्लोगल्ली मिळतं. पण गाडीत ते इंजिन आयुष्यभर अंग चोरून काम करतं. सिग्नलला थांबतं, उतारावर आराम करतं. विमानात त्याला सुरू केल्यापासून जीव तोडून पळावं लागतं. शिवाय ते फार जोरात फिरतं आणि पुढचा पंखा तेवढ्या जोरात फिरवून चालत नाही, म्हणून मधे दोन कप्प्या आणि जाड पट्टा घालून वेग निम्मा करायचा. "आणि रस्त्यात बंद पडलं तर?" मी विचारलं. हे म्हणाले, "म्हणून तर आधी जमिनीवर इतकं चालवायचं, की त्याची बंद पडायची खोडच मोडली पाहिजे."

त्याप्रमाणे त्यांनी केलंही. विमान दोरांनी खांबाला बांधून ते इंजिन रोज सकाळी तासभर चालवायचे. पावसाळाभर चालवलं. आसपासच्या लोकांनी आधी तक्रारी केल्या, मग त्यावर घड्याळं लावली. ते इंजिन एकदाही बंद पडलं नाही. मला त्याचा राग येत असे.

प्रत्येक वेळी सुरू करण्याआधी हे एक यादी वाचायचे. जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलेली, गोदामाच्या भिंतीला टांगलेली. पट्टा, पाणी, तेल, नळ्या, दोर. त्यातला एक मुद्दा माझा होता: "टाकीच्या झाकणाचं भोक, फुंकून बघणे." पेट्रोलची टाकी पत्र्याची, सीटच्या मागे वरच्या अंगाला, आणि तिच्या झाकणाला सुईएवढं भोक. टाकीतलं पेट्रोल कमी होतं तशी हवा आत जायला वाट हवी, नाहीतर पेट्रोल पुढे सरकणारच नाही. तेलाच्या डब्याला आपण दोन भोकं पाडतो ती ह्याचसाठी. हा धडा मी सातवीच्या मुलांना तीस वर्षं डबा हातात घेऊन शिकवला. भोक यादीत नव्हतं, मीच लिहायला लावलं आणि त्या दिवशी घरी येताना मला जरा बरं वाटलं. ह्या वेडेपणात माझंही दोन पैशांचं शहाणपण जमा झालं होतं.

उडायची परवानगी नव्हती. कागद पाठवले होते, उत्तर येत नव्हतं. नवं विमानतळ इतक्या जवळ असताना उत्तर येईल असं मलाही वाटत नव्हतं, आणि मी देवाचे आभार मानत होते. ह्यांचं म्हणणं, जमिनीवर पळवून तर बघू. शिरढोणच्या पुढे मित्राची थोडी जमीन उरली होती. प्लॉट पाडायचे म्हणून त्याने तिथे सिमेंटचा रस्ता करून घेतला होता. प्लॉट पडले नाहीत, रस्ता मात्र सरळ आणि मोकळा पडला होता. मी एका अटीवर हो म्हटलं. चाकं जमीन सोडणार नाहीत. ह्यांनी माझ्या हातावर हात ठेवून कबूल केलं. माझं सगळं त्या एका शब्दावर टांगलेलं होतं, कारण त्या खुर्चीत बसणारा माणूस माझा होता.

मुहूर्त दसऱ्याचा. मित्राचा आग्रह, की सीमोल्लंघनाच्या दिवशीच चाकं फिरली पाहिजेत. विमान टेम्पोवर घालून आदल्या दिवशीच तिथे नेऊन पंख जोडले होते. सकाळी ह्यांनी सोबत आणलेली यादी वाचली, एकेक मुद्दा हात लावून तपासला. झाकणाचं भोक फुंकलेलं मी स्वतः पाहिलं. मग मी म्हटलं, आता पूजा. दसऱ्याला आम्ही मिक्सरलासुद्धा हळदकुंकू लावतो, मग ह्याने काय पाप केलं?

मी ताम्हन घेऊन पुढे झाले तर ह्यांच्या सूचना सुरू. पंख्याला लावू नकोस, तोल जाईल. इंजिनाला नको, तापलं की जळेल. पंखांच्या कापडाला डाग पडतील. चाकांना मित्राच्या बायकोने आधीच झेंडूच्या माळा गुंडाळल्या होत्या, त्या ह्यांनी काढायला लावल्या. मी चिडले. म्हटलं, मग लावू कुठे, तुमच्या नाकाला? शेवटी टाकीचं झाकण दिसलं. वर, सपाट, कुणाच्या मधे न येणारं. पाण्यातलं कुंकू वाऱ्याने उडून जाईल म्हणून मी मुद्दाम तेलात कालवून आणलं होतं. अंगठ्याने दाबून चांगला ठसठशीत टिळा लावला. टाकी तर माझ्याच सांगण्यावरून काठोकाठ भरलेली होती. रिकाम्या भांड्याची पूजा करत नाहीत.

हे आत बसायच्या आधी झाकणाशी घुटमळले. हातात फडकं होतं. मित्र त्यांच्या कानाशी काहीतरी बोलला. मग हे बसले.

पहिल्यांदा रस्त्याच्या टोकापर्यंत गेले आणि वळून आले. दुसऱ्यांदा जरा जोरात. मित्राची बायको माझा हात धरून हसत होती, मीही हसले. तिसऱ्यांदा ते आमच्यासमोरून गेले तेव्हा आवाज वेगळा होता, भरलेला. मला चाकांखाली उजेड दिसला. आधी मला ते काय आहे ते कळलंच नाही. चाकं आणि रस्ता यांच्यामधून पलीकडचं गवत दिसत होतं.

ते उडत होतं. मी थक्क झाले, आणि लाज वाटते सांगायला, पण पहिला क्षण नुसत्या आश्चर्याचा होता. शाळेची व्हॅन माझ्या नवऱ्याला घेऊन विजेच्या खांबाएवढी वर गेली होती. मग मला ती अट आठवली. त्याच वेळी आवाज थांबला.

खोकला नाही, आचके नाहीत. पावसाळाभर एकदाही न थांबलेलं इंजिन गप्प झालं आणि इतकी शांतता पसरली की दूरच्या महामार्गावरचे ट्रक ऐकू आले. विमानाने नाक खाली घातलं, रस्त्याच्या टोकाला आपटलं, आणि पुढच्या भातात घुसलं. मी धावले नाही. लोकांना वाटतं मी धावले असेन. मी उभीच होते. ताम्हन हातात आडवं झालं होतं आणि अक्षता पायांवर पडत होत्या.

भाताने वाचवलं. कापणीला आलेलं दाट पीक आणि खाली चिखल. खांद्याचं हाड मोडलं, कपाळ फुटलं, पंखा आणि एक चाक गेलं. हॉस्पिटलात शुद्धीवर येऊन ह्यांचं पहिलं वाक्य, "मी नाही गं उचललं. समोरून वारा होता, ते आपोआप उठलं." खरं असेलही. मी अजून पूर्ण विश्वास ठेवलेला नाही.

तिसऱ्या दिवशी हात गळ्यात बांधून हे गोदामात जायला निघाले. इंजिन का थांबलं ते बघायचंच होतं. मीही गेले, कारण मला त्या इंजिनाला चार शब्द ऐकवायचे होते. मित्राने विमान परत आणून ठेवलं होतं. त्याने नळ्या पाहिल्या, पट्टा पाहिला, सगळं जागच्या जागी. मग तो टाकीपाशी थांबला.

"वैनी, जरा बगा. पडून चेपली असती तं एका बाजूने चेपली असती. ही चारी बाजूंनी आत गेलीय."

त्याने झाकण फिरवलं. सूं करून हवा आत ओढली गेली आणि पत्रा टक्कन बाहेर आला. त्याच्या हातातल्या झाकणावर माझा टिळा होता, आणि भोकाच्या जागी कुंकू आत खेचलं जाऊन खळगा पडला होता.

मला कुणी काही सांगायची गरज नव्हती. तीस वर्षं मी डबा हातात घेऊन हेच सांगत आले होते. काठोकाठ भरलेली टाकी, आत हवेला जागा नाही, बाहेरून वाट नाही. माझ्याच अंगठ्याने बंद केलेली. मी खाली बसले, तिथल्या टायरवर.

"मी मारत होते तुम्हाला," मी म्हटलं.

"असं काही बोलू नकोस," हे म्हणाले. "मला दिसलं होतं."

"काय दिसलं होतं?"

"भोकावर कुंकू आलंय ते. पुसणार होतो. फडकं हातात होतं. पण तू समोर उभी. दसऱ्याच्या दिवशी, तुझ्या देखत, तू लावलेलं कुंकू पुसायचं? हात उठला नाही. म्हटलं, जमिनीवरच तर पळवायचंय. बंद पडलं तर पडलं."

मित्र मान खाली घालून म्हणाला, "मना बी दिसला व्हता. मीच बोल्लो त्यांना, आज कुकू नको पुसू."

इंजिन थांबलं तेव्हा बसला नव्हता एवढा धक्का मला तेव्हा बसला. आयुष्यभर यंत्रांत वावरलेला माणूस. त्याला रोग माहीत, औषध हातात, आणि तो माझ्या कुंकवाला घाबरून काठोकाठ भरलेल्या टाकीपुढे जाऊन बसला. मी टिकली लावते ती सवयीने. मंगळसूत्र घालते ते कधी, लग्नाकार्याला. हे ह्यांना माहीत नाही का? मी ओरडूनच विचारलं. म्हटलं, ते झाकणावरचं पुसलं असतं तर कपाळावरचं जायची वेळ आली नसती, एवढं साधं गणित नाही सुटलं तुम्हाला? ह्यांनी गळ्यात बांधलेला हात सावरला. मोडलेल्या खांद्याचा माणूस भांडणात फार बिचारा दिसतो.

आणि मग मला आणखी एक गोष्ट कळली, ती अजून टोचते. त्यांनी तेव्हा पुसलं असतं, तर मी काय केलं असतं? मी हसले नसते. माझा चेहरा पडला असता. त्या दोघांनी मला माझ्यापेक्षा जास्त ओळखलं होतं.

मी उठून मित्राच्या हातातून झाकण घेतलं. म्हटलं, द्या ते खांद्यावरचं फडकं. त्याने दिलं नाही, म्हणून ओढणीचं टोक घेतलं. कुंकू तेलातलं होतं, सहज निघेना. जोर लावून घासावं लागलं. घासता घासता माझं लक्ष गेलं, तर दोघांनीही तोंडं फिरवली होती. हे भिंतीवरच्या यादीकडे बघत होते, मित्र दाराकडे. त्यांनी वळून बघायची मी वाट बघत राहिले. कुणी बघितलं नाही.

भोकात अडकलेलं पिनेने काढलं. झाकण ओठांशी नेऊन फुंकलं आणि पलीकडे तळहात धरला. हवा आली. "आली," मी म्हटलं. ते दोघं अजून दुसरीकडेच बघत होते.