अकरा चिंचोके

पणजी शहरातल्या डॉक्टरांनी कागदावर तीन गोळ्यांची नावं लिहिली आणि चौथ्या ओळीत लिहिलं, रोज चालणे, कॅनव्हासचे बूट घालून. त्याआधी त्यांनी मला मूठ वळायला सांगितली होती. बोटं तळव्यापर्यंत पोचली नाहीत. मी ती मांडीवर ठेवली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले.

"दुखतं म्हणून बसून राहिलीस तर सांधे आखडतील," ते म्हणाले. "रोज थोडं चालायचं. दमायच्या आधी थांबायचं. तीन महिन्यांनी ये. तेव्हा हा जिना तू स्वतः चढतेस की वडील तुला धरून आणतात, ते मी बघणार."

जिना अठरा पायऱ्यांचा होता. मी मोजल्या होत्या, कारण प्रत्येक पायरीवर बाबांनी मला कोपराला धरून वर घेतलं होतं आणि समोरून उतरणाऱ्या एका बाईने आम्हाला वाट देण्यासाठी भिंतीला पाठ लावली होती.

कॉलेजचं शेवटचं वर्ष संपताना हा आजार सुरू झाला. सकाळी उठलं की हातापायांचे सांधे सुजलेले असायचे. दहाच्या सुमारास ते थोडे सैल व्हायचे. तोवर मला नळ फिरवता येत नसे, वेणी घालता येत नसे. पाववाला पोदेर सकाळी सायकलवरून उंडे देऊन जायचा. उंड्याचं वरचं कडक कवच मला फोडता येईना, म्हणून आई ते फोडून माझ्या बशीत ठेवायची. याबद्दल घरात कोणी बोलत नसे. घराबाहेर तर नाहीच. मुलगी लग्नाची होती, आणि संधिवात हा शब्द आईच्या मते म्हाताऱ्यांचा होता.

चालायचं कुठे, हा प्रश्न होता. आमचं गाव धारगळच्या अलीकडे, हमरस्त्यापासून आत. गावातल्या बायका भरपूर चालत, पण कुठेतरी जाण्यासाठी. शेतात, दुकानात, बस धरायला. काम नसताना एक तरुण मुलगी पांढरे बूट घालून रस्त्याने जाते आणि कुठेच न पोचता परत येते, हे कोणाला समजावून सांगायचं? मी तर मुळीच सांगू शकले नसते. मी इंग्रजी शाळेत शिकलेली. कोणी काही विचारलं की उत्तर डोक्यात आधी इंग्रजीत तयार व्हायचं, ते मी मराठीत आणेपर्यंत विचारणारा पुढे गेलेला असायचा. लोकांना मी शिष्ट वाटायचे. ते मला सोयीचं होतं.

उपाय आईने काढला. "देवळात जा. प्रदक्षिणा घाल. देवळात फिरणाऱ्या मुलीला कोण विचारतंय?"

बूट मग आलेच नाहीत. देवळात ते चालणारही नव्हते.

पहिल्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता मी तीन फेऱ्या घातल्या. देवळाच्या पुढच्या अंगाला गुळगुळीत फरशी होती. मागे मात्र उघडे चिरे होते, खडबडीत, उन्हाने तापलेले. ऊब सांध्यांना बरी वाटायची, पण चिऱ्याची कड चवड्याखाली आली की दात आवळावे लागत. मी पाय कुठे टाकायचा ते बघत, मान खाली घालून चालायचे. लांबून ते भक्तीसारखं दिसत असणार.

देवळाची झाडलोट करणारी एक बाई होती. सगळे तिला वयनी म्हणत, म्हणून मीही. पाचव्या दिवशी ती झाडू टेकवून खांबाजवळ उभी राहिली.

"कितल्यो झाल्यो गो बाय?"

"तीन."

"तीनच? तीन फेऱ्यांचो नवस खंय आसता? पाच घालतत, अकरा घालतत, एकवीस घालतत."

मी हसले. हसणं म्हणजे हो, असं तिने धरलं. दुसऱ्या दिवशी तिने ओट्यावर अकरा चिंचोके मांडून ठेवले होते. एक फेरी झाली की एक चिंचोका डावीकडून उजवीकडे सरकवायचा. "मियां मांडून ठेवलंय, तू सरकय," ती म्हणाली. "म्हणजे चुकूचा नाय."

तिथून पुढे गावाला कळलं की मी नवस केला आहे. लग्न न झालेली मुलगी रोज प्रदक्षिणा घालते, तर नवस कशाचा हे वेगळं विचारायची गरज नव्हती. दुकानात एक बाई आईला म्हणाली, "शिकलेली आसून देवाक मानता हां तुमचा चेडू!" आईने घरी येऊन ते मला सांगितलं. तिचा चेहरा बऱ्याच दिवसांनी मोकळा दिसत होता. दुसऱ्या दिवशीही मी पाचला देवळात गेले.

चालण्याने फरक पडत होता, हे मला नाकारता येईना. तिनाच्या चार फेऱ्या झाल्या, चाराच्या पाच. खिडकीचं जनेल उघडताना खिटी बोटांनी सरकवता यायला लागली. काही दिवस मात्र दोनच फेऱ्यांत पुरे व्हायचं. शरीराचा आकडा रोज वेगळा होता आणि चिंचोके रोज अकरा.

"अर्ध्यार सोडतंस?" वयनी विचारायची. उरलेले चिंचोके ती तसेच ठेवायची, आणि दुसऱ्या दिवशी मला ते कालचे शिल्लक म्हणून दिसायचे. कोणी जबरदस्ती करत नव्हतं. ओट्यावर बसलेल्या दोनतीन बायका माझ्याकडे बघून मनात मोजायच्या, एवढंच. एका सोमवारी मी अकराच्या अकरा फेऱ्या घातल्या. शेवटचा चिंचोका सरकवताना वयनीने "जयजयकार!" म्हटलं आणि बायका हसल्या. मला शाळेत कधी बक्षीस मिळालं नव्हतं. ते असंच वाटत असावं.

मंगळवारी मला उठता आलं नाही. बुधवारीही नाही. सहा दिवस मी खाटेवर होते, आणि आईने देवळात सांगितलं की मी पाहुण्यांकडे गेले आहे.

सातव्या दिवशी मी भिंत धरून मोरीपर्यंत गेले. सगळं पुन्हा पहिल्यापासून होतं. तीन महिन्यांतले दोन संपले होते.

त्याच आठवड्यात सावंतवाडीकडचं एक स्थळ आलं. मुलगा तुये गावच्या कारखान्यात कामाला होता. आमच्या गावातल्या कोणीतरी त्यांना सांगितलं होतं की मुलगी बी.ए. आहे आणि रोज देवाला प्रदक्षिणा घालते. मुलाची आत्या आधी बघायला येणार होती, आणि तिची इच्छा होती की घरी बसून चहा पिण्याआधी मुलीबरोबर देवदर्शन व्हावं. आईला यात दैवी योजना दिसली.

आत्या मनगटावर पुरुषी घड्याळ घालणारी, झपझप चालणारी बाई होती. दर्शन झाल्यावर ती म्हणाली, "चल, तुझ्यावांगडा एक फेरी मी पण घालतंय." आई मागे. वयनी झाडू घेऊन अदबीने बाजूला झाली.

फरशी संपेपर्यंत मी तिच्या बरोबरीने होते. मग चिरे सुरू झाले. चौथ्या पावलाला मी भिंतीला हात लावला.

"पाय दुखता?" आत्याने विचारलं.

"घसरली परवा," आई मागून म्हणाली. "न्हाणीत."

आत्याने माझ्या पायांकडे पाहिलं. दोन्ही घोटे सुजलेले होते. न्हाणीत घसरणारा माणूस दोन्ही पायांनी सारखा घसरत नाही. तिने ते बोलून दाखवलं नाही. ती फक्त थांबली, आणि मी उत्तर मराठीत आणेपर्यंत थांबून राहिली. असं फार कमी लोक करतात.

"मला संधिवात आहे," मी म्हणाले. "डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. नवस नाही."

आईने पदर तोंडाशी नेला.

"मगे अनवाणी कित्याक चलतंस?" आत्या म्हणाली.

त्यात राग नव्हता, कीवही नव्हती. पंखा बंद असताना कोणी विचारावं, बटण का दाबत नाही, तसं तिने विचारलं होतं. ती घरी आली, चहा प्यायली, आईच्या शंकरपाळ्यांचं कौतुक केलं आणि साडेसहाच्या बसने गेली. पंधरा दिवसांनी निरोप आला की पत्रिका जुळत नाही. पत्रिका आम्ही दिलेली नव्हती.

आत्या येऊन गेल्यावर आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी कालचं वर्तमानपत्र जमिनीवर पसरलं. गोवा वेगळं राज्य होऊन फार दिवस झाले नव्हते, आणि पानभर मराठी की कोकणी यावर पत्रं होती. मी त्यांवर पाऊल ठेवलं आणि बाबांनी पेन्सिलीने भोवती रेघ मारली.

"संध्याकाळी घेऊ का माप? तेव्हा सूज कमी असते," ते म्हणाले.

"नको. सकाळचंच घ्या. सकाळच्या पायांना जे होतील ते संध्याकाळी होतीलच."

बाबा पणजीला सरकारी कचेरीत होते. संध्याकाळी परतताना ते पांढरे कॅनव्हासचे बूट घेऊन आले. नाड्या आईने बांधल्या. माझ्या बोटांना ते जमत नव्हतं. गाठ जरा जास्तच घट्ट बांधली तिने, पण बांधली.

रस्त्यावरचा पहिला दिवस मला नीट आठवत नाही, फक्त बुटांचा पांढरा रंग आठवतो. दुकानासमोरचे लोक बोलायचे थांबले. मी विजेच्या तिसऱ्या खांबापर्यंत गेले आणि वळले. परतताना देवळाच्या पायरीवर वयनी उभी होती.

"पावणे येवन गेले आणि देवाक विसरलंस?"

मी तिला सगळं सांगितलं. तीनच वाक्यं होती, एकदा म्हटलेली, त्यामुळे तयार होती. ती ऐकत राहिली. मग तिने कपाळाला हात लावला.

"अगो, आणि मियां तुझ्या लग्नाखातीर देवाक नारळ सांगून ठेवलंय!"

"मी सांगितलं नव्हतं."

"तू काय सांगतंस? तोंडातसून शब्द काढूक तुका दीस लागता." तिने थोडा विचार केला. "ऱ्हांव दे. लग्नाचो नको, पायांचो म्हणान घे, असा सांगतंय देवाक. ताका काय, नारळ तो नारळ."

पुढचे तीन आठवडे मी खांब मोजले. चांगल्या दिवशी सात, वाईट दिवशी एक. एकदा तर फाटकापर्यंतच, बूट घालून. आठवा खांब वळणावर दिसायचा, पाय नाही म्हणत नसायचे, तरी मी तिथूनच मागे फिरायचे.

पणजीच्या जिन्यावर बाबा माझ्या मागे होते, हातात फाइल घेऊन. नवव्या पायरीवर मी थांबले. दोन माणसं बाजूने वर गेली. मी कठडा धरून उभी राहिले, मग उरलेल्या नऊ चढले. डॉक्टरांनी मूठ बघितली. अजून वळत नव्हती. त्यांनी एक गोळी वाढवली आणि चौथी ओळ तशीच ठेवली.

"पाय झाले बरे?" गावात परतल्यावर वयनीने विचारलं.

"बरे होत नाहीत ते. जिना चढले."

"तर नारळ जिन्याचो फोडूया," ती म्हणाली. "पायांचो मागीर बघू."

फोडलेल्या नारळाची एक वाटी तिने माझ्या हातात दिली. घरी आईने विचारलं, नारळ कसला. मी म्हटलं, जिन्याचा. ती क्षणभर माझ्या बुटांकडे बघत राहिली. मग तिने विळी ओढली आणि खवायला बसली.