तोफकाकूंचा संसार

तोफकाकूंना तोफ हे नाव कोणी ठेवलं ते आता सांगता येणार नाही, पण चुकीचं ठेवलं नव्हतं. सकाळी नळाला पाणी आलं की त्यांचं तोंड सुटायचं. "अहो, बादली सरकवा म्हटलं तर बघत काय बसलाय? ती काय आपल्या पायानं येणार आहे?" मग काकांचा आवाज यायचा. काका नळदुरुस्तीचं काम करायचे, गावभर लोकांच्या गळत्या बंद करत फिरायचे. "गावातले सगळे नळ बंद केले मी, हा घरातला एक काही बंद होत नाही." जिन्यात हशा पिकायचा. खालच्या मजल्यावरचे शिंपी तर म्हणायचे, आम्हाला रेडिओ घ्यायची गरजच पडली नाही.

मी त्यांच्या भिंतीला भिंत लागून राहते आणि काकूंबरोबरच लाँड्रीत काम करते. इस्पितळाच्या चादरी इस्त्री होऊन येतात, त्यांच्या आम्ही दोघी घड्या घालतो. दोन टोकं त्यांच्या हातात, दोन माझ्या. जवळ यायचं, टोकं द्यायची, मागे जायचं. सगळ्या चादरी एका माणसाच्या मापाच्या. दोघांच्या मापाची एक माझ्या आईच्या ट्रंकेत होती, ती झडतीत गेली.

ओढ हा आजार आहे हे आता शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. शाळेत पहिल्याच वर्षी लक्षणं शिकवतात: एखाद्याची वाट पाहावीशी वाटणं, तो आला की नाडी पळणं, तो गेला की घास न उतरणं, आणि अगदी शेवटच्या पायरीला डोळ्यांत पाणी. उपचार आहे, फुकट आहे, आठवडाभरात माणूस निवळून घरी येतो. माझा नवरा निवळून आलेला आहे. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी कारखान्याच्या तपासणीत सापडला. चांगला माणूस आहे. चहा दिला की आभार मानतो. मी माहेरी गेले काय नि विहिरीत गेले काय, त्याला चहा वेळेवर मिळाला म्हणजे झालं.

घरोघरी दर महिन्याला तपासनीस बाई येतात. नवऱ्याचं मनगट धरून बायकोला खोलीत बोलावतात, मग बायकोचं धरून नवऱ्याला. काकूंच्या घरी दोघांच्याही नाड्या घोड्यासारख्या धावायच्या. पण काकू दारातूनच "बसलेत बघा, ऐतोबा" म्हणून सुरू व्हायच्या, आणि रागानंही नाडी पळतेच. बाई हसत हसत 'राग' असं लिहून घ्यायच्या. पुढे त्यांच्या दाराला 'निरोगी घर' अशी पाटीसुद्धा लागली.

मलाही ते सगळं खरं वाटायचं. मग एकदा मी बादली मागायला गेले. आत रणकंदन चाललेलं, दार नुसतं लोटलेलं. ढकलून बघते तर काका स्टुलावर, त्यांचा पाय काकूंच्या मांडीवर, आणि काकू त्यांची नखं कापतायत. कापता कापता ओरडतायत, "तुम्हाला होकार दिला तेव्हा माझे डोळे फुटले होते." काका त्याच आवाजात, "डोळे फुटले ते परवडलं असतं, हे तोंड कशाला फुटलं?" आणि एकमेकांकडे बघून दोघं हसत होती. काकूंनी मला पाहिलं. तोंड चालूच ठेवलं, हात मात्र थांबला. मी कोपऱ्यातली बादली उचलली आणि दार ओढून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी नेहमीसारखी चादरीची टोकं माझ्या हातात दिली, मी घडी घातली. मला त्यांचा हेवा वाटला. अजूनही वाटतो.

लेकीला त्यांनी कधी सांगितलं नाही. सांगणार कसं? शाळेत पोरांना विचारतात, घरी कोण कोणाकडे बघून हसतं. लहान मूल, ते खरं तेच सांगणार. म्हणून पोर शाळेत जायला लागली तसा यांच्या भांडणाला जोर चढला. ती बिचारी कानांवर हात ठेवून माझ्या उंबऱ्यावर येऊन बसायची. एकदा म्हणाली, "मावशी, मी मोठी झाले ना, की आईला यातून सोडवणार आहे." मी तिच्या हातावर चिमूटभर साखर ठेवली. दुसरं काय करणार?

पोर शब्दाची पक्की निघाली. शिकली, घरवाटपाच्या कचेरीत लागली, नेटानं वर चढली. एका दुपारी लाँड्रीच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. चेहरा फुललेला.

"आई, झालं काम. बाबांना दुसऱ्या शहरात खोली मिळाली, कामगारांच्या वसतिगृहात. रविवारी गाडी येईल न्यायला. कायमचं वेगळं. आता तुला कोणी काही बोलणार नाही."

वेगळ्या केलेल्या नवरा-बायकोला पुन्हा भेटता येत नाही. पत्र नाही, फोन नाही. भेटीनं जुना आजार उलटतो म्हणतात. लेकीला हे माहीत होतं, म्हणून तर ती एवढी खूश होती. मला वाटलं, आता तोफ धडाडणार. काकूंनी तिच्या कपाळावरचे केस मागे सारले आणि म्हणाल्या, "बरं केलंस, बाळा. दमले होते मी."

ती गेल्यावर मी म्हटलं, "काकू, काहीतरी करा. त्यांना दमा आहे म्हणा, प्रवास झेपणार नाही म्हणा."

"आणि कोणी विचारलं, एवढी भांडता तर जाऊ द्या की, तर काय सांगू? सोडवत नाही म्हणणं हेच पहिलं लक्षण. दोघांनाही नेतील, निवळून आणतील. मग हे मला चहाचे आभार मानत बसतील." एवढं बोलून त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि जीभ चावली. "माफ कर ग."

"निदान लेकीला तरी खरं सांगा."

"काय सांगू? साहेबांचे उंबरठे झिजवले तिनं माझ्यासाठी. कोणी सांगितलं होतं तिला? तिलाही आहे ग ओढ. आईची आहे. तिला ते ठाऊक नाही, एवढंच. मी खरं सांगितलं तर ती रडेल, चारचौघांत रडेल, आणि तिलाही घेऊन जातील." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "फार पक्कं भांडलो आम्ही. एवढं पक्कं भांडायला नको होतं."

शनिवारपर्यंत भिंतीपलीकडे भांडण चालूच राहिलं. कोणत्या पिशवीत काय भरायचं यावरून जुंपली होती. "तो लोकरीचा स्वेटर नेऊ नका, तुमच्या अंगावर गोणपाट दिसतो," असं काकू ओरडायच्या, आणि त्या स्वतःच तो घडी करून पिशवीच्या तळाशी ठेवत असणार हे मला न बघता कळायचं. मी भिंतीला टेकून ऐकत बसायचे. नवरा म्हणाला, "आवाजाचा त्रास होत असेल तर तक्रार करू या." मी म्हटलं, नको.

रविवारी सकाळी गाडी दारात लागली. जिन्यातली यच्चयावत माणसं खाली जमली. एवढा जुना खेळ बंद होणार म्हटल्यावर घरी कोण बसतं? तपासनीस बाई शेवटचा शेरा मारायला आल्या होत्या. लेक आईचा दंड धरून उभी होती.

काका पिशवी घेऊन खाली आले. काकूंनी सुरुवात केली, "पाय उचला जरा. गाडीवाल्याला दुसरी कामं आहेत." लोक हसले आणि काकांकडे वळून बघायला लागले. काका काहीच बोलले नाहीत.

"आता का दातखीळ बसली? बोला ना," काकू म्हणाल्या.

काकांनी तोंड उघडलं. हनुवटी थरथरली, आणि त्यांनी काकूंकडे सरळ पाहिलं, जिन्यात लोकांसमोर कधी पाहिलं नव्हतं तसं. ज्या माणसाचं उत्तर सदा जिभेच्या टोकावर असायचं, त्याला एक शब्द सुचेना. लोकांचं हसू थांबलं. तपासनीस बाईंनी लिहिता लिहिता मान वर केली. काकांचे डोळे काठोकाठ भरले होते. पापणी लवली असती तरी सगळ्यांदेखत पाणी ओघळलं असतं.

काकू दोन पावलं पुढे झाल्या आणि त्यांनी काकांच्या मुस्काटात ठेवून दिली.

आवाज वरपर्यंत घुमला. भांडणं आम्ही सगळ्यांनी ऐकली होती, पण काकूंचा हात उठलेला कोणी पाहिला नव्हता. "शेवटपर्यंत मख्ख ते मख्खच," काकू ओरडल्या. "चालते व्हा. परत तोंड दाखवू नका." काकांनी गाल धरला आणि ते रडायला लागले, लहान मुलासारखे हुंदके देऊन. आता त्यांना रडायला कारण होतं. शिंपी म्हणाले, "बिचाऱ्याला जाता जाता प्रसाद मिळाला," आणि लोक पुन्हा हसले. बाईंनी लिहिलं: बायकोकडून मारहाण, वेगळं करणं योग्य. काका रडत रडत गाडीत बसले, गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत रडत होते, आणि कोणालाही त्यात काही वावगं दिसलं नाही.

लेक आईच्या कानाशी म्हणाली, "सुटलीस, आई."

"हो ग," काकू म्हणाल्या. "सुटले."

सोमवारी त्या कामावर आल्या. आम्ही घड्या घालायला लागलो. मला त्यांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. एकदा टोकं द्यायला जवळ आल्या तेव्हा त्यांनी ती माझ्या हातात दिलीच नाहीत.

"तू त्या बाजूला होतीस. वळ उठला होता का ग?"

खोटं बोलावंसं वाटलं, पण जीभ रेटेना. "उठला होता," मी म्हटलं.

"बोटं दिसत होती?"

"हो."

त्यांनी आपला उजवा तळवा चादरीखाली चोळला. "असा वळ किती वेळ राहतो?"

तो जावा असं त्यांना वाटत होतं की राहावा असं, ते मला कळेना. "संध्याकाळपर्यंत राहत असेल," मी म्हटलं.

"म्हणजे आता गेला असेल," काकू म्हणाल्या.