शनिवारी न लिहिलेली पत्रं

‘डॉ. विमल तांबट यांचे निधन’ असा निरोप माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर आला, तेव्हा मी अकोल्यात माझ्या शाळेत होतो. क्षणभर हायसं वाटलं. आमच्या विमल मॅडम डॉक्टर नव्हत्या. कुणी दुसऱ्या असतील... मग फोटो उघडला. त्याच होत्या. दीड महिना झाला, पण त्या ‘डॉ.’चा राग अजून उतरत नाही.

मॅडम अमरावतीच्या आमच्या कॉलेजात इतिहास शिकवत. मी परतवाड्याजवळच्या माळ्याचा मुलगा. घरातला पहिला पदवीधर झालो तो त्यांच्यामुळे. इंग्रजी पुस्तक समोर आलं की मी ते मिटून बाजूला सारायचो. त्या रविवारी घरी बोलावून एकेक परिच्छेद मोठ्यानं वाचून घ्यायच्या. त्यांचे वडील अचलपूरला तांब्याची भांडी घडवत, आणि मॅडमनी पीएच.डी.ला विषय घेतला होता अमेरिकेतल्या सुरुवातीच्या काळातल्या ज्यू तांबेव्यापाऱ्यांचा. इंग्लंडहून तांब्याचे पत्रे मागवणारी, जुनं तांबं विकत घेणारी ती माणसं. स्टाफरूममध्ये टोमणा ठरलेला, ‘ते अमेरिकेतले ज्यू तुमचे कोण लागतात हो?’ मॅडम चहा फुंकत म्हणायच्या, ‘तांब्याकडून भाऊबंद लागतात.’

एका व्यापारी घराण्याची छापलेली पत्रं वाचताना त्यांनी दोनशे वर्षांपूर्वीच्या प्रत्येक तारखेचा वार काढला. शनिवारचं एकही पत्र नव्हतं. शनिवार हा ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, हे कुठल्याही पुस्तकात सापडेल. पण गिऱ्हाईक दारात उभं असताना हातोडा खाली ठेवणं म्हणजे काय, हे मॅडमनी घरी पाहिलं होतं. वडील अमावास्येला भट्टी पेटवत नसत. मेळघाटातून आलेला माणूस चरफडत परत जायचा, आणि पुढच्या खेपेला तिथी विचारून यायचा. बंद दुकानही गिऱ्हाइकाला वळण लावतं, यावर मॅडमनी अख्खं प्रकरण लिहिलं.

प्रबंधाच्या सादरीकरणात त्यांचे मार्गदर्शक सर सगळ्यांसमोर म्हणाले, “शनिवारची पत्रं टिपायची राहिली असं सरळ सांगा ना. आणि ही घरची अमावास्या प्रबंधात कशाला?” लोक हसले. मी मागच्या बाकावर होतो. प्रकरण काढा, मग सही करतो, असं सरांनी सुनावलं.

बाहेर आल्यावर मीच शहाणपणा केला. “काढून टाका ना मॅडम. एवढ्या एका प्रकरणानं डिग्री कशाला घालवता?”

“काहून काढू?” त्या माझ्यावरच उखडल्या. “सही नाही भेटली त नाही भेटली. दुकान बंद व्हतं, त मी बंदच लिहीन!”

सही मिळाली नाही. नोकरीची उरलेली वर्षं त्यांनी नुसत्या ‘मॅडम’ म्हणूनच काढली.

शोकसभेत फलकावर ‘डॉ.’ होतं. जी पदवी जिवंतपणी अडवली, ती फ्लेक्सवाल्याकडून छापून घेतली होती! आणि तेच सर उभे राहून म्हणाले, “शनिवारच्या त्या मौनाचा शोध आम्ही दोघांनी लावला.” माना हलल्या. कुणाला काही खुपलं नाही.

गेल्या आठवड्यात सरांचा फोन आला. मॅडमच्या भाच्यानं प्रबंधाची हस्तलिखित वही मला दिली, हे त्यांना कळलं होतं. “पुस्तक काढू. प्रस्तावना मी लिहितो. आभारात तुमचंही नाव टाकू.” आयुष्यभर शिक्षकांना ‘हो सर’ म्हणत आलो. या वेळी म्हणालो, “नाही देत, सर.” आणि फोन ठेवला.

वही माझ्या टेबलावर आहे. शेवटच्या पानावर मॅडमनी ऋणनिर्देश लिहिलाय, वळणदार अक्षरात. पहिलं नाव त्याच सरांचं, ‘ज्यांच्या मार्गदर्शनाशिवाय...’ इतकं होऊनही त्यांनी ते खोडलं नाही. मी रोज पेन उचलतो. अक्षर मॅडमचं आहे, म्हणून हात थांबतो.