अक्काच्या गाडीची छोटी बॅटरी

अक्का सभेला कधी उशिरा पोचली नाही आणि सभेतून कधी वेळेवर निघाली नाही. माझी ही आत्या सोलापुरात विडी कामगार बायकांची संघटना चालवायची. सगळ्या बायका तिला अक्का म्हणत, म्हणून मीही. तिच्या पत्रकांवर बोट ठेवून मी वाचायला शिकले. इतर मुलांचा ‘ग’ गणपतीचा होता, माझा गेटसभेचा.

तिची गाडी जुनी हायब्रिड होती, परदेशी निघालेल्या एका मैत्रिणीने दिलेली. मोठी बॅटरी चाकं फिरवते. दिवे, कुलपं आणि गाडीला जागं करणं डिकीतली छोटी बॅटरी सांभाळते, हे मेकॅनिकने तिला कितीदा तरी सांगितलं होतं. तरी अक्का गाडी बंद ठेवून त्या छोटीवरच सभेचा भोंगा चालवायची. “गाडी चालू ठेव,” म्हटलं की म्हणायची, “इंजिन मधीच गुरगुरतं. माझ्या भाषणात दुसरं कुणी बोललेलं मला चालत न्हाय.”

त्याच आवाजाला कॅन्सर झाला. लहानपणापासून तंबाखूच्या धुळीत तिने विड्या वळल्या होत्या. ज्यांनी वळून घेतल्या, त्यांचे घसे शाबूत आहेत. हे मी लिहिणार, पुन्हा पुन्हा लिहिणार. सोमवारी तिचं स्वरयंत्र काढायचं ठरलं. आदल्या संध्याकाळी कुंभारीला सभा होती, तिला बोलता येणारी शेवटची.

त्या रविवारी सकाळी गाडी जागीच झाली नाही. शेजारच्या रिक्षावाल्या इस्माईलभाईंनी वायर जोडून पाहिली. दिवे लागले आणि विझले. “अक्का, बॅटरी गेली ही. माझ्या रिक्षातून चला की.”

“तुमची रिक्षा आता माझ्यापेक्षा मोठ्यानं बोलती, भाई.”

ही बॅटरी माणसांच्या बैठकीमागेच बसते, म्हणून वायू बाहेर सोडायची नळी जोडता येईल अशीच लागते. सोलापुरात मिळेना. अखेर टेंभुर्णीच्या एका दुकानात सापडली आणि दुपारच्या एसटीने आली.

डिकीचं कुलूपही विजेवरचं, त्यामुळे मागच्या सीटवरून सरपटत आत जावं लागलं. मी आत, आणि अक्का खिडकीतून घोगऱ्या आवाजात हुकूम सोडत होती. “आधी काळी वायर सोड. काळी गं! लालला हात लावू नको.”

“अक्का, एवढीशी ही, पण हिच्यावाचून मोठीला जाग येत नाही. कामगारांचंही असंच—”

“प्रत्येक गोष्टीचं पत्रक करू नको. नळी जोडलीस का?”

जोडली. तिने बटण दाबलं. आवाज काहीच नाही, फक्त समोर हिरवी अक्षरं उजळली.

“लागली?” मी मागून विचारलं.

“लागली.”

स्टिअरिंगवर कपाळ टेकून ती थोडा वेळ तशीच बसली. सभेला निघताना तिला असं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

कुंभारीत बायका रस्त्यातच बसल्या होत्या. अक्काने माईक घेतला. मला वाटलं, आता आग बरसेल. पण तिने भाषण केलंच नाही. ती एकेकीचं नाव घेऊ लागली.

“शांतव्वा.”

“व्हय अक्का.”

“नागम्मा.”

“हाय की.”

“मुमताज.”

“हितंच हाय, अक्का.”

मालकाच्या दारात यांना कुणी नावाने हाक मारत नाही. काहीजणी उत्तर देताना उभ्या राहत होत्या. या वेळी गाडी चालू होती. इंजिन गुरगुरलं की अक्का थांबायची, त्याचं होऊ द्यायची, मग पुढचं नाव. आवाज फाटत गेला, पण तिने एकीलाही वगळलं नाही.

मग भोंग्यातून आलं, “उज्ज्वला.”

मी गाडीला टेकून उभी होते. बायका वळून माझ्याकडे पाहू लागल्या.

“अगं, हाय का न्हाय?”

मी नुसता हात वर केला. तिने मान हलवली आणि माईक बंद केला.

ऑपरेशननंतर अक्का वर्षभर होती. खुणा करायची, पाटीवर लिहायची, रागवायचीसुद्धा. माझं नाव मात्र तिच्या तोंडून मी त्या संध्याकाळी ऐकलं, ते शेवटचं.